जुनी सँट्रो मोडीत काढू की एक्सचेंजला देऊ?

सांगलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. वडिलांची २०११ ची पेट्रोल सँट्रो, ६८ हजार किलोमीटर झालेली. वडील पाच महिन्यांपूर्वी गेले. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, अजून त्यांच्याच नावावर आहे आणि तिची पंधरा वर्षांची मुदत अडीच महिन्यांत संपते. यांना सात लाखांच्या आसपासची नवी पेट्रोल गाडी घ्यायची आहे. शोरूमवाला एक्सचेंज बोनस (जुनी गाडी देऊन नवी घेतल्याबद्दलची जादा सूट) धरून ५५ हजार म्हणतो, स्क्रॅप सेंटरवाला १९ हजार. पुढे त्यांनी विचारलंय, "जुनी गाडी मोडली की सरकार भरपूर सवलत देतं म्हणतात, ती नक्की किती? अमेरिकेतला मावसभाऊ सांगतो की तिकडे सरकारनं साडेचार हजार डॉलर दिले होते. आणि पंधरा वर्षं झाली की आपल्याकडे गाडी जप्त होते का?"

मी बावीस वर्षं पुण्यात शोरूमच्या जुन्या गाड्यांच्या टेबलावर काढली, आता स्वतंत्रपणे गाड्यांचं मूल्यांकन करतो. हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. तुमच्या प्रश्नात मात्र एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे आणि माझ्या मते तीच मुख्य आहे: आरसी वडिलांच्या नावावर आहे. तिच्याकडे येतोच. आधी भीती घालवू आणि मग पैशांचं बघू.

जप्ती वगैरे काही नाही. महाराष्ट्रात खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर बंदी नाही. आरसीचं नूतनीकरण करायचं, ज्याला आपण रिपासिंग म्हणतो, की पुढची पाच वर्षं मिळतात. दिल्ली आणि आसपासच्या भागात डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची अट घातली गेली. तिथल्या बातम्या व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत सांगलीत येतात आणि लोक घाबरून चांगल्या गाड्या पाडून मागितलेल्या भावात देऊन टाकतात. पंधरा वर्षांनंतर सक्तीनं मोडीत निघतात त्या सरकारी गाड्या, तेही १ एप्रिल २०२३ पासून. तुमची सँट्रो सरकारी नाही.

आता मावसभावाचं. तो खोटं बोलत नाही. २००९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मंदीत बुडालेला वाहनउद्योग सावरायला अमेरिकेनं जुनी, जास्त पेट्रोल पिणारी गाडी देणाऱ्याला साडेतीन किंवा साडेचार हजार डॉलर दिले होते, नव्या गाडीच्या बिलातूनच वळते करून. एकूण तीन अब्ज डॉलरची तरतूद होती आणि ती दोन महिन्यांच्या आत उडाली. जुन्या गाडीचं इंजिन पुन्हा कधी चालू नये म्हणून त्यात सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतून ते जाम करत. जर्मनीनंही त्याच वर्षी अडीच हजार युरो दिले. ते सगळं रोखीचं काम होतं.

आपल्याकडे तसं नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते. आपलं धोरण मार्च २०२१ मध्ये नितीन गडकरींनी लोकसभेत मांडलं आणि ऑगस्टमध्ये ते लागू झाल्याची घोषणा झाली. त्यात जुन्या गाडीबद्दल सरकार तुम्हाला एक रुपयाही देत नाही. सरकार काय करतं, तर नव्या गाडीवर जो कर घेणार होतं, त्यातला थोडा सोडतं. म्हणजे सवलतीचा आकडा तुमच्या सँट्रोवर ठरतच नाही, तो ठरतो तुम्ही घेणार असलेल्या गाडीच्या किमतीवर. एवढं डोक्यात बसलं की बाकीचा हिशेब पाचवीतला पोरगाही करेल.

नोंदणीकृत स्क्रॅप सेंटरला गाडी दिली की ते तुम्हाला 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' देतात. आपण त्याला जमा प्रमाणपत्र म्हणू. ते दाखवलं की मोटार वाहन करात सूट मिळते. केंद्रानं खासगी गाड्यांसाठी कमाल २५ टक्क्यांची मुभा दिली आहे, पण कर राज्याचा, त्यामुळे टक्केवारीही राज्यच ठरवतं. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं एप्रिल २०२५ मध्ये ती १५ टक्के केली. लक्षात घ्या, १५ टक्के कराचे, गाडीच्या किमतीचे नव्हे. माझ्यासमोर बसून "सात लाखांवर १५ टक्के म्हणजे एक लाख पाच हजार" असा हिशेब मांडणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांचा चेहरा उतरतानाही पाहिलाय.

तुमच्याच गाडीचं गणित करू. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे ११ टक्के कर आहे. सात लाखांवर झाले ७७ हजार. त्याचे १५ टक्के म्हणजे ११,५५० रुपये. शिवाय नव्या गाडीची नोंदणी फी माफ. ऐकायला भारी वाटतं, पण ती फी आहे ६०० रुपये.

तिसरी गोष्ट कंपनीची सूट. ऑगस्ट २०२४ मध्ये गडकरींबरोबरच्या बैठकीनंतर बहुतेक मोटार कंपन्यांनी मान्य केलं होतं की मागच्या सहा महिन्यांत गाडी मोडीत काढलेल्याला एक्स-शोरूम किमतीच्या दीड टक्का किंवा २० हजार, यात जे कमी असेल तेवढी सूट देऊ. ती ऐच्छिक होती आणि खासगी गाड्यांसाठी एका वर्षापुरती जाहीर झाली होती. आज कुठली कंपनी कुठल्या मॉडेलवर देते हे त्या महिन्याच्या स्कीमवर आहे. शोरूममध्ये तोंडी विचारू नका, कोटेशनवर लिहून घ्या. मिळाली असं धरलं तर सात लाखांवर १०,५०० होतात.

म्हणजे मोडीचे १९,०००, करातले ११,५५०, फीचे ६०० आणि कंपनीचे १०,५००. झाले ४१,६५०. कंपनीनं हात वर केले तर ३१,१५०. आणि समोर शोरूमवाला ५५ हजार घेऊन बसलाय. सगळ्या सवलती धरूनही मोडीचा रस्ता १३ हजारांनी मागे पडतो.

आता हीच सँट्रो, हेच १९ हजार, पण समजा तुम्ही पंधरा लाखांची पेट्रोल गाडी घेताय. दहा ते वीस लाखांना कर १२ टक्के, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. सूट २७ हजार. कंपनीचा दीड टक्का साडेबावीस होतो, पण २० हजारांवर अडतो. बेरीज ६६,६००. आता मोडीत काढणं फायद्याचं ठरलं! जुनी गाडी तीच, तिच्यातलं इंजिन तेच, उत्तर मात्र उलटं. तुमच्या आकड्यांवर हे पारडं साधारण पावणेअकरा लाखांच्या गाडीपाशी फिरतं. मला या धोरणातलं हेच खटकतं. जो आधीच महाग गाडी घेऊ शकतो त्याला जास्त सूट, आणि ज्याची जुनी गाडी खरोखर धूर ओकते पण ऐपत लहान गाडीची आहे, त्याच्या पदरात अकरा-बारा हजार. असो. धोरण मी लिहिलेलं नाही.

तुम्ही सीएनजीचा विचार करत असाल तर तिथे कराचा दर पेट्रोलपेक्षा कमी आहे, म्हणून सूटही कमी. इलेक्ट्रिक घेतलीत तर आणखी गंमत. महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाडीला मोटार वाहन कर माफच आहे, आणि शून्याचे १५ टक्के शून्यच. तिथे जमा प्रमाणपत्राचा उपयोग झालाच तर कंपनीच्या सुटीपुरता.

कोणी तुम्हाला "आता ५० टक्के झालं" असं सांगितलं तर तो जानेवारी २०२५ मधला केंद्राचा एक मसुदा होता, आणि तोही मुख्यतः बीएस-१ (धुराच्या प्रदूषणाचं जुनं मानक) किंवा त्याहून जुन्या गाड्यांसाठी. तुमची २०११ ची सँट्रो त्यात बसत नाही.

मग ५५ हजार घेऊन मोकळं व्हायचं का? थांबा. त्या ५५ ची फोड मागा. त्यात गाडीची किंमत किती आणि एक्सचेंज बोनस किती? मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेलो आहे म्हणून सांगतो, जुन्या गाडीला भाव चढवून द्यायचा आणि नव्या गाडीवरची रोख सूट गुपचूप काढून घ्यायची, हा खेळ जुना आहे. गिऱ्हाईक घरी जाऊन सांगतं की सँट्रोचे ५५ आले. आले खरे, पण ४० सँट्रोचे आणि १५ त्याच्याच खिशातले. दोन कोटेशनं घ्या, एक एक्सचेंजसह आणि एक एक्सचेंजशिवाय. दोन्हींच्या शेवटच्या आकड्यांतला फरक ही तुमच्या सँट्रोची खरी किंमत. तो फरक ४२ हजारांच्या खाली आला तर मघाचं उत्तर पुन्हा उलटतं. आणि एक्सचेंज बोनस नि स्क्रॅप बोनस, म्हणजे मघाची कंपनीची सूट, दोन्ही एकदम मिळत नाहीत, त्यातला एकच. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यापासून जुन्या लहान गाड्यांची बाजारातली पतही थोडी घसरली आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याला काय मिळालं ते विसरा.

अर्थात हे सगळं गाडीच्या तब्येतीवर आहे. मी न बघता बोलतोय. बॉनेट उघडून पुढच्या पट्टीला आणि टायरमागच्या पत्र्याला आतून गंज किती आहे ते बघा. सांगलीला पूर येतो हे मी विसरलेलो नाही. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात गाडी बुडली असेल तर ते आत्ताच सांगा, कारण पारखी माणूस सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या वीतभर भागावरचा चिखलाचा डाग बघतोच. तशी गाडी असेल तर ५५ चे ३० व्हायला वेळ लागणार नाही, आणि मग मोडीत काढणंच बरं. स्क्रॅप सेंटरवालेही वजनावर भाव काढतात. गाडीचं पूर्ण वजन धरत नाहीत, त्यातल्या धातूचाच भाग धरतात. बॅटरी, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एसीचा कॉम्प्रेसर यांतलं काही नसेल तर कापून घेतात. "भंगारातच जायचीय" म्हणून बॅटरी काढून इन्व्हर्टरला लावायची हुशारी करू नका.

आता आरसी. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण माझ्या अनुभवात पैसे बुडतात ते इथेच.

मालक वारल्यावर तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. तुमचे पाच महिने झालेत. घाबरण्यासारखं काही नाही, बहुतेकांचं असंच होतं. घरात माणूस गेल्यावर आरसी कोणाला आठवते? थोडा दंड बसेल. मृत्यूदाखला, वारस असल्याचा पुरावा, आई आणि भावंडांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र, विमा आणि पीयूसी एवढं गोळा करा. गाडीवर कधीकाळी कर्ज असेल आणि ते फिटलं असलं तरी बँकेचा बोजा आरसीवरून उतरलाय का, ते परिवहन पोर्टलवर नंबर टाकून बघा. वीस वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा बोजा कागदावर तसाच आहे आणि ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालीय, असे लोक माझ्याकडे आलेत. थकलेली ई-चलनंही तिथेच दिसतील. ती भरल्याशिवाय ना नाव बदलेल ना गाडी मोडीत निघेल.

हे अडीच महिन्यांच्या आत का करायचं? मुदत संपलेल्या आरसीवर नाव बदलायला गेलात की आधी नूतनीकरण करा म्हणतील. त्याची फी कारला पाच हजार, वर पर्यावरण कर, वर गाडी दाखवायला नेण्याआधीचं डेंट-पेंट नि टायर, आणि उशीर केलात तर दर महिन्याला ५०० रुपये जादा. जी गाडी द्यायचीच आहे तिच्यावर दहा-पंधरा हजार घालण्यात अर्थ नाही. शोरूमवाल्याचे ५५ हजारही चालू आरसीवरचेच असणार. मुदत संपल्यावर तो रिपासिंगचा सगळा खर्च तुमच्या भावातून कापेल.

"मोडीतच द्यायची असेल तर नाव बदलायची काय गरज?" असं तुम्ही म्हणाल. स्क्रॅप सेंटरवाले वारसाच्या कागदांवर गाडी घेऊही शकतात. पण सवलत हवी ती नव्या गाडीवर, आणि ती असणार तुमच्या किंवा बायकोच्या नावावर. प्रमाणपत्र एका नावाचं, गाडी दुसऱ्या नावाची असं झालं की ऐन पासिंगच्या दिवशी फाटे फुटतात. प्रमाणपत्र ऑनलाइन हस्तांतरित करता येतं, त्याची खरेदी-विक्रीसुद्धा चालते, पण त्या भानगडीत पडण्यापेक्षा गाडी आधी ज्याच्या नावावर नवी गाडी येणार त्याच्याच नावावर करा. माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. आणखी दोन गोष्टी. सूट त्याच प्रकारच्या वाहनावर मिळते, म्हणजे घरातली जुनी स्कूटर मोडून कारचा कर कमी होत नाही. आणि प्रमाणपत्राचा नंबर कर भरायच्या आधी शोरूमला द्या. एकदा कर भरला की परताव्यासाठी किती हेलपाटे मारावे लागतील याचा अंदाज मला अजून आलेला नाही.

आणि काहीही झालं तरी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला गाडी देऊ नका. तो २५ हजार रोख देईल, स्क्रॅप सेंटरपेक्षा सहा हजार जास्त, आणि टोइंगही फुकट. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकानं असंच केलं होतं. दोन वर्षांनी त्याला द्रुतगती मार्गावरच्या वेगमर्यादेची चलनं येऊ लागली. गाडी कापलीच नव्हती. तो रोज पोलीस ठाण्यात जाऊन सांगत होता की गाडी माझी नाही, आणि कागद सांगत होता की त्याचीच आहे. नोंदणीकृत केंद्रात तेल, कूलंट, एसीचा गॅस काढून मग गाडी कापतात आणि चासी नंबरचा तुकडा वेगळा जपून ठेवतात. मुख्य म्हणजे ती गाडी वाहन पोर्टलवरून कायमची उतरते. त्या सहा हजारांत तुम्ही ही शांत झोप विकताय. एक्सचेंजला दिलीत तरी तेच. गाडी सोपवताना फॉर्म २९सी वर शोरूमनं गाडी ताब्यात घेतल्याची नोंद पोर्टलवर केली का ते बघा. २०२३ च्या एप्रिलपासून अधिकृत जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यावर ही जबाबदारी आहे, आणि नोंद झाली की त्या दिवसापासून गाडी त्याच्या जबाबदारीवर. नुसत्या सह्या केलेल्या, मालकी बदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर विश्वास ठेवून चाव्या देऊ नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण ती कराच्या सुटीइतकीच मोलाची निघू शकते. सँट्रोचा विमा फुल आहे की फक्त थर्ड पार्टी? फुल असेल आणि वडिलांनी वर्षानुवर्षं क्लेम केला नसेल, तर त्यांना नो क्लेम बोनस ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असेल. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि मालक वारल्यावर तो पत्नीला किंवा मुलांना मिळू शकतो. गाडी गेल्यावर विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं की तो नव्या गाडीच्या विम्यावर लावता येतो. नव्या गाडीचा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) हप्ता समजा १४ हजार धरला तर निम्मे सात वाचले. शोरूमवाला हे आपणहून सांगत नाही, त्याला स्वतःचा विमा पूर्ण हप्त्यानं विकायचा असतो. पॉलिसी संपून ९० दिवस झाले की मात्र बोनस गेला. आणि वडिलांच्या नावावरच्या पॉलिसीवर आत्ता गाडी रोज चालवत असाल तर चालवू नका. मालक गेल्यावर ती पॉलिसी तीन महिन्यांपुरतीच तग धरते, अपघात झाला तर कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. गाडी उभी करा आणि विमा कंपनीला वारसाच्या कागदांसह आजच मेल टाका.

तर तुमच्यासाठी माझा क्रम असा. या आठवड्यात मृत्यूदाखल्याच्या तीन-चार प्रती, वारसांच्या सह्या आणि फॉर्म ३१. तो अर्ज आत गेला की शोरूमची दोन कोटेशनं. फरक ४२ हजारांच्या वर राहिला तर एक्सचेंज, खाली आला तर स्क्रॅप सेंटर. मध्येच बायकोनं किंवा मुलानं पंधरा लाखांची गाडी पसंत केली तर मला पुन्हा लिहा, कारण मग उत्तर बदलतं. आणि गाडी जाण्याआधी डॅशबोर्डचा कप्पा, सीटखालचा भाग आणि सनव्हायझरमागचं नीट तपासा. वडिलांच्या पिढीची माणसं मूळ आरसी, जुन्या विम्याची कागदपत्रं आणि दुसरी चावी तिथेच ठेवायची, आणि दुसरी चावी नसली तर शोरूमवाला तिचेही दोन-तीन हजार कापतो.